सलग काठी आणि सांध्याची काठी

गेल्या मार्गशीर्षांत आमचा भाचा मुंबईहून मालवणास आला, तेव्हां त्याच्या सामानांत पावणेदोन हात लांबीची एक कापडी नळी होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ओहोटीची वेळ साधून तो आम्हांस सर्जेकोटच्या बाजूच्या खडकांवर घेऊन गेला. तेथें त्यानें नळींतून चार तुकडे काढिले, एकांत एक खोंवून नऊ फुटांची काठी उभी केली, आणि पिसांची बनविलेली एक कोळंबी दोरीच्या टोंकास बांधली. जवळच एक वृद्ध गृहस्थ माणग्याच्या सलग काठीनें गरवीत बसले होते. गळ टाकून मासे धरण्यास आमच्याकडे गरवणें असें म्हणतात. त्यांनीं हा सारा खटाटोप स्वस्थपणें पाहिला आणि विचारिलें, "काठी मोडान हाडलंस काय रे झिला?"

"मोडूक नाय, तात्यानूं, ती अशीच असता," भाचा हंसून म्हणाला.

घटकाभरानें मात्र ती काठी खरोखरच सुटी झाली. दोरी फेंकण्याच्या झोंक्यांत सर्वांत वरचा तुकडा सांध्यांतून निसटला आणि दोरीवरून घसरत पाण्यांत गेला. दोरी ओढून तो परत मिळाला, इतकेंच नशीब. अपघात क्षुल्लक होता. पण परततांना मामा-भाच्यांत जो वाद जुंपला, तो आम्हांस तितका क्षुल्लक वाटला नाहीं. भाच्याचें म्हणणें असें कीं, सांधा ही सुधारणा आहे. ज्यांस ती ठाऊक नाहीं ते सलग काठी वापरतात. आमचें म्हणणें असें कीं, सलग काठी हीच आपली, आणि सांधा हें साहेबाच्या शौकाबरोबर आलेलें परकें खूळ. पुढें चार पुस्तकें चाळल्यावर आढळून आलें कीं, आम्ही दोघेही चुकलों होतों. ती चूक कशी होती हें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

प्रथम माणग्याविषयीं. मालवण, कुडाळ, सावंतवाडी या टापूंत शेतांच्या बांधांवर हा बांबू लावलेला असतो. पुष्कळसे बांबू पोकळ असतात. हा बहुतेक भरीव, बिनकांट्याचा आणि सरळ वाढणारा. १८६८ सालीं मन्रो या इंग्रज सेनाधिकाऱ्यानें बांबूंच्या जातींवर मोठा प्रबंध लिहिला, त्यांत या जातीस स्टॉक्स नांवाच्या वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञाचें नांव दिलें गेलें. आमच्या शेतकऱ्यांचें त्यावांचून कांहीं अडलें नव्हतें. शिडी, मांडव, कुंपण, छपराचे वासे, सर्व कामीं माणगा येई. त्यांतलीच एखादी बारीक, जून झालेली काठी गरवणाऱ्याच्या हातीं जाई. ती तोडावयाची, सावलींत वाळवावयाची, विस्तवाची धग देऊन बांक काढावयाचा आणि टोंकास दोरी बांधावयाची. काम झालें कीं ती घराच्या वळचणीस जाते. घर आणि खडक यांच्या मधल्या वाटेपलीकडे तिला कोठें जावयाचेंच नसतें.

आतां अशी काठी हेंच जगांतील मूळ रूप, यांत शंका नाहीं. इसवी सन २०० च्या आसपास होऊन गेलेला ईलियन हा ग्रंथकार मॅसिडोनियांतील लोकांविषयीं सांगतो कीं, ते गळास लाल लोंकर व कोंबड्याचीं पिसें बांधून मासे फसवीत. त्यांची काठी सहा फूट आणि दोरीही सहा फूट. आपल्याकडील पुरावाही कमी तोलाचा नाहीं. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील ग्रंथ. महाराष्ट्रांतील स्त्रियांच्या ओव्यांचा त्यांतील उल्लेख मराठीचे अभ्यासक वारंवार देतात. पण त्याच ग्रंथांत 'मत्स्यविनोद' नांवाचें एक प्रकरण आहे, याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. माशांच्या जाती, त्यांचीं आमिषें, गळ, दोरी आणि काठी यांचा विचार त्यांत राजाच्या करमणुकीच्या दृष्टीनें केला आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणावर निबंध लिहून तें विद्वानांपुढें आणिलें. तेव्हां मौजेखातर गळ टाकून बसणें हें साहेबानें आम्हांस शिकविलें, ही आमची समजूत येथेंच ढांसळली.

भाच्याची समजूत ढांसळण्यास १४९६ साल पुरेसें आहे. त्या सालीं गळानें मासे धरण्याविषयींचें एक इंग्रजी प्रकरण प्रथम छापून निघालें. त्यांत काठी करण्याची जी कृती दिली आहे, ती चक्क सांध्याच्या काठीची. खालचा दांडा पोखरून पोकळ करावा, वरचे भाग त्याच्या पोटांत दडवावे, म्हणजे वाटेनें जातांना ती साधी हातांतली काठी दिसेल आणि आपण कोणत्या कामास निघालों आहों हें कोणास कळणार नाहीं, असा तेथें उपदेश आहे! सांधा हा अलीकडील शोध नव्हे, हें तर यावरून दिसतेंच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, त्याचा जन्म पाण्याच्या कांठीं झालेला नसून रस्त्यावर झालेला आहे. माशाच्या दृष्टीनें सांध्याची कांहींच गरज नव्हती. गरज होती ती प्रवास करणाऱ्या माणसास.

हीच गोष्ट आपल्या देशांतील इंग्रजी अमलांत ठळकपणें दिसते. हेन्री सलिव्हन टॉमस हे मद्रास इलाख्याच्या मुलकी नोकरींतील अधिकारी दक्षिण कानडा जिल्ह्यांत होते. १८७० सालीं त्यांनीं तेथील मत्स्यसंवर्धनावर अहवाल लिहिला आणि १८७३ सालीं मंगळूर येथें 'द रॉड इन इंडिया' हें पुस्तक छापिलें, तें पुढें या विषयावरील प्रमाणग्रंथ ठरलें. मालवण बंदर १८१२ सालीं कोल्हापूरकरांकडून कंपनीकडे आलें, तेव्हांपासून आमच्या किनाऱ्यावरही अशा अधिकाऱ्यांच्या स्वाऱ्या फिरूं लागल्या. आज येथें तंबू, उद्यां तेथें मुक्काम, तीन वर्षांनीं बदली. ज्याचें सारें बिऱ्हाड पेट्यांत भरावयाचें, त्याची काठीही पेटींत मावावी लागते. ती तुकड्यांची होती याचें कारण तिच्या धन्याचें राहणेंच तुकड्यांचें होतें.

समुद्रकांठीं मात्र या सोयीची किंमत मोजावी लागे. तुकडे जोडण्यास पितळेच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या नळ्या असत. खारी हवा त्यांस चढे, वाळूचा कण आंत शिरे; मग कधीं सांधा सुटेना, तर कधीं बसेना. शिवाय धातूची नळी वांकत नाहीं. काठी वांकली कीं सारा ताण नळीच्या कडेवर येई आणि ती नेमकी तेथेंच मोडे. पिसांच्या गळानें मासे धरण्यांत हा दोष अधिकच जाचतो. एरव्हीं गळाबरोबर शिशाचा गोळा असतो, तो आपल्या वजनानें दूर जातो. पिसांच्या गळास वजनच नाहीं. म्हणून दोरीच जड घ्यावी लागते, आणि ती फेंकण्यासाठीं काठी बुडापासून शेंड्यापर्यंत एकाच लयींत वांकून उसळावी लागते. तींत जागोजाग ताठ गांठी असणें म्हणजे गाणाऱ्यास मध्येंच ठसका लागण्यासारखें आहे.

या अडचणीवरील तोडग्याच्या इतिहासांत आपल्या देशाचाही भाग आहे. १८४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ईस्टन येथील सॅम्युएल फिलिप या बंदुका करणाऱ्या कारागिरानें बांबू चिरून त्याच्या चिपा सरसानें चिकटवून काठ्या करण्यास आरंभ केला. पुढें हायरम लिओनार्ड यानें सहा चिपांची षट्कोनी काठी नांवारूपास आणिली. या काठ्यांचा बांबू प्रथम कलकत्त्याहून जात असे. चिपा चिकटवितांना बांबूचीं पेरें एका रेषेंत येऊं नयेत म्हणून ते त्या मागेंपुढें सरकवीत; म्हणजे निसर्गाच्या सांध्याचा दुबळेपणा ते वांटून टाकीत. पुढें कलकत्त्याच्या बांबूची जागा चीनमधील क्वांगतुंग प्रांतांतील बांबूनें घेतली. १९५० सालीं अमेरिकेनें चीनशीं व्यापार बंद केला आणि तो बांबू मिळेनासा झाला. तोंच कांचेच्या तंतूंच्या काठ्या बाजारांत आल्या होत्या. १९६० नंतर इंग्लंडांत फार्नबरो येथील विमानसंशोधनसंस्थेंत कार्बनचे बळकट तंतू सिद्ध झाले, आणि १९७३ च्या सुमारास त्यांच्याही काठ्या झाल्या. या नव्या काठ्या पोकळ असल्यामुळें एक तुकडा दुसऱ्यांत सरळ बसूं लागला. धातूची नळी गेली, आणि गंज व ताठपणा हे दोन्ही दोष पुष्कळसे गेले.

तरीही वाद मिटला नाहीं. खोल पाण्यांतून जड मासा उचलावयाचा असतां सलग काठीच भरंवशाची, असें मानणारे आजही आहेत. तिचें वजन थोडें कमी आणि निसटण्याची भीति मुळींच नाहीं. चार तुकड्यांच्या काठीचे पक्षपाती म्हणतात कीं, सांधा नीट घट्ट केला, मधून मधून चाचपून पाहिला आणि घरीं गेल्यावर गोड्या पाण्यानें धुतला, तर फरक हातास जाणवतही नाहीं. आमच्या भाच्यानें चाचपून पाहिलें नव्हतें, एवढेंच. दोन्ही पक्ष आपापल्या ठिकाणीं खरे आहेत. पण मौज अशी कीं, परदेशांत कार्बनची सलग काठी बहुधा तोच घेतो, ज्याचें घर समुद्रावर आहे किंवा ज्याची स्वतःची होडी धक्क्यास बांधलेली आहे. इतक्या शास्त्राच्या शेवटीं धनवान् मनुष्य जेथें पोहोंचला, तेथें आमचे खडकावरचे तात्या आधींपासूनच बसले होते!

हें वाक्य लिहून लेख संपवावा असा मोह झाला होता. परंतु तें पुरतें सत्य झालें नसतें. त्या दिवशीं निघतांना आम्हीं तात्यांची काठी हातांत घेऊन पाहिली. तिचा वरचा हातभर भाग निराळा होता. मूळचा शेंडा केव्हांतरी मोडला होता. तो तिरका तासून त्यास दुसरी बारीक काठी जुळविली होती आणि वरून दोरा घट्ट गुंडाळिला होता. आम्हीं त्यावर बोट ठेविलें, तेव्हां ते म्हणाले, "मोडली म्हणान काय टाकूची?" त्यांचे दोन्ही मुलगे मुंबईस आहेत, हें त्यांनीं न विचारतां सांगितलें.

कोंकणी मनुष्य फार दिवसांपासून सांध्यानें जगत आला आहे. पूर्वीं तो आगबोटीनें गेला. १९९८ पासून कोंकण रेल्वेनें जाऊं लागला. २०२१ सालीं चिपी येथें विमानतळही झाला. तीस वर्षें देशावर अध्यापन करून सुटीपुरते गांवीं येणारे आम्हीही त्यांतलेच. तेव्हां भाच्याच्या काठीस परकी म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? ती काठी चाकरमान्याच्या आयुष्याचीच प्रतिकृति आहे. दुमडून न्यावी, पोहोंचल्यावर जोडावी, आणि मध्येंच निसटणार नाहीं इतकी काळजी घ्यावी. सलग काठी वापरणें ही आवडीची बाब नव्हे. ती वापरावयाची तर खडकाजवळ घर हवें, घरास वळचण हवी, आणि त्या घरांत बाराही महिने कोणीतरी राहावयास हवें.

भाचा परत गेला. जातांना तो आपली नळी घेऊन गेलाच. पण आदल्या दिवशीं आमच्या परसांतील बेटांतून माणग्याची एक काठी तोडून त्यानें वळचणीस वाळत ठेविली आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वीं ती तयार होईल. ती हातीं घेण्यास तेव्हां कोण येथें असेल, हें मात्र आज सांगवत नाहीं.