पोहोचण्याचे १६४ दिवस
(भारतीय वैद्यकीय पथकाचा मुंबई ते येनान प्रवास, १९३८-३९)

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव घेतले की बहुतेकांच्या मनात दोन चित्रे उभी राहतात. मुंबईहून चीनला निघालेला सोलापूरचा तरुण हे एक, आणि रणभूमीवर अखेरपर्यंत शस्त्रक्रिया करत राहिलेला डॉक्टर हे दुसरे. दूरदर्शनवर व्ही. शांताराम यांचा १९४६चा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ पाहिल्यापासून माझ्याही मनात हीच दोन चित्रे होती. मी पेशाने इतिहासकार नाही. नोकरी सांभाळून, मिळेल ते वाचत आणि टिपत गेलो. एकदा या पथकाच्या तारखा वहीत क्रमाने मांडल्या आणि एक गोष्ट खटकली. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई सोडलेले पथक येनानला पोहोचले ते १२ फेब्रुवारी १९३९ रोजी, म्हणजे १६४ दिवसांनी. बोटीचा प्रवास तर जेमतेम सोळा-सतरा दिवसांचा होता. मग बाकीच्या पाच महिन्यांत काय घडले?

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापती चु तेह यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष झालेल्या सुभाषबाबूंनी १९३८च्या उन्हाळ्यात देशाला आवाहन केले. त्यातून सुमारे २२ हजार रुपयांचा निधी जमला. जो देश स्वतःच पारतंत्र्यात होता, त्याने दुसऱ्या पीडित देशासाठी ही वर्गणी गोळा केली होती. पारपत्र मात्र इंग्रज सरकारकडूनच घ्यावे लागे. कलकत्त्याच्या एका डॉक्टरला ते नाकारण्यात आले आणि ऐनवेळी डॉ. विजयकुमार बसू यांचे नाव पुढे आले.

पथकात पाच जण होते. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल; स्पेनच्या यादवी युद्धातील वैद्यकीय सेवेचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. उपप्रमुख नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर, वयाने सर्वांत ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. बसू. पाचवे कोटणीस. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात शिकलेल्या या तरुणाला अठ्ठाविसावे वर्षही पूर्ण व्हायचे होते.

‘राजपुताना’ बोटीने हाँगकाँग गाठून पथक १७ सप्टेंबरला कँटनला आले. डॉ. सन यत्-सेन यांच्या पत्नी सूंग चिंग-लिंग स्वागताला आल्या होत्या. स्वागत मोठे झाले, पण ते ज्या शहरात झाले त्यावर कित्येक महिने जपानी विमाने बाँब टाकत होती. पाहुण्यांना युद्धाचे पहिले दर्शन येथेच घडले.

आता पुढच्या तारखा पाहाव्यात. चांगशामार्गे पथक सप्टेंबरअखेर हँकौला पोहोचले आणि चिनी रेडक्रॉसच्या व्यवस्थेखाली जखमींवर उपचार करू लागले. १२ ऑक्टोबरला जपानी सैन्य कँटनजवळच्या किनाऱ्यावर उतरले. २१ ऑक्टोबरला कँटन पडले. ज्या बंदरातून हे पाच जण चीनमध्ये शिरले होते, तेच पाच आठवड्यांत शत्रूच्या हाती गेले. २५ ऑक्टोबरच्या सुमारास हँकौही पडले. त्याआधीच पथकाला यांगत्से नदीने वर इचांगकडे हलावे लागले होते आणि तेथून ते चुंगकिंगला गेले. जेथे काम मांडावे तेथून थोड्याच दिवसांत उठावे लागे.

दुसरी अडचण राजकीय होती. मदतीची हाक चु तेह यांची होती, पण पथक उतरले होते च्यांग काय-शेक यांच्या सरकारच्या प्रदेशात. जपानविरुद्ध दोन्ही पक्षांची आघाडी असली तरी परस्परांवरचा अविश्वास संपलेला नव्हता. चुंगकिंगमध्ये डॉक्टरांना काम देता आले असते, पण त्यांना उत्तरेला, येनानला जायचे होते. परवानगीची वाट पाहण्यात आठवडे गेले.

माझ्या मते कोटणीसांच्या चरित्रातला निर्णायक काळ हाच. जानेवारी १९३९ मध्ये, येनानला निघण्यापूर्वी, त्यांना सोलापूरहून वडिलांच्या निधनाची वार्ता मिळाली. सहकाऱ्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला. तसे ते परतले असते तर कोणीही नाव ठेवले नसते. मुंबईतून निघताना युद्ध म्हणजे काय हे त्यांनी पाहिलेले नव्हते. चुंगकिंगमध्ये मात्र बाँब, माघार, कागदपत्रांची दिरंगाई आणि घरावर कोसळलेले दुःख हे सारे समोर होते. तरीही ते उत्तरेलाच गेले. म्हणून मुंबईच्या निरोपापेक्षा चुंगकिंगचा हा निर्णय मला मोठा वाटतो.

शिआनमार्गे पथक येनानला पोहोचले. विमानहल्ल्यांमुळे तेथील रुग्णालये डोंगरात खोदलेल्या गुहांमध्ये होती. २४ मे १९३९ रोजी माओ त्से-तुंग यांनी नेहरूंना पत्र लिहून या पथकाबद्दल आभार मानले.

पुढचा इतिहास परिचित आहे. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्ये परतले, पाठोपाठ आजारपणामुळे अटलही. बसू १९४३ पर्यंत राहिले. कोटणीस बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले.

पथकात दोन मराठी माणसे होती, हे मात्र आपण विसरलो. सोलापूरने कोटणीसांचे घर स्मारक म्हणून जपले ते योग्यच झाले. पण सर्वांत ज्येष्ठ असूनही माघारीचा आणि प्रतीक्षेचा तोच खडतर प्रवास चोळकरांनीही केला होता. जे परतले त्यांची नावे गळाली की उरलेली गोष्ट एकट्या वीराची होते. ती मुळात पाच जणांची होती, आणि त्यामागे वर्गणी देणारे हजारो अनाम हात होते.

चुंगकिंगच्या त्या मुक्कामातली एक घटना सांगून थांबतो. शांतिनिकेतनच्या चीना भवनाचे प्रमुख तान युन-शान यांनी तेथे पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली. प्रत्येक नावाच्या शेवटी त्यांनी ‘हुआ’ हे अक्षर जोडले. त्याचा अर्थ चीन. कोटणीसांचे नाव झाले के दिहुआ. येनान अजून दूर होते, परवानगीही हातात नव्हती. चीनमध्ये आज ते याच नावाने ओळखले जातात, आणि शिजियाझुआंगच्या हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी आहे.