दौतीतले शब्द आणि उपहासाचे विस्मरण

सोळाव्या शतकातील इंग्रजी ग्रंथ वाचताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम वेधून घेतात ते आज लुप्त झालेले शब्द. त्यांची व्युत्पत्ती व अर्थ कोशात सापडतात. परंतु त्या काळच्या वाचकाला कोणता शब्द विचित्र वाटत होता, हा प्रश्न वेगळा आहे. ‘इंकहॉर्न’ शब्दांविषयीच्या वादातून हा भेद स्पष्ट होतो.

इंकहॉर्न म्हणजे शाई ठेवण्याची शिंगाची दौत. लोकांच्या बोलण्यात नसलेल्या, विद्वानांच्या दौतीतूनच बाहेर पडणाऱ्या लॅटिन-ग्रीक वळणाच्या शब्दांना त्यावरून हे नाव पडले. विद्येची भाषा लॅटिन होती. राज्यनीती व शास्त्रे इंग्रजीत मांडू पाहणाऱ्यांना शब्दांची उणीव जाणवत होती. थॉमस एलियट याने ‘द गव्हर्नर’ (१५३१) या ग्रंथात ‘मॅच्युरिटी’ हा शब्द योजताना तो नवा असल्याचे सांगून त्याचा अर्थ उलगडून दिला. आज हे स्पष्टीकरण अनावश्यक वाटते. तत्कालीन वाचकाला त्याची गरज होती.

या प्रवृत्तीची टवाळी थॉमस विल्सन याने ‘द आर्ट ऑफ ऱ्हेटरिक’ (१५५३) मध्ये केली. धर्मोपदेशकाची रिकामी झालेली जागा मिळवण्यासाठी एका लिंकनशरवासीयाने लिहिलेले म्हणून त्याने दिलेले विनंतीपत्र अशा शब्दांनी खच्चून भरलेले आहे. ‘प्रचंड’ या अर्थाचा ‘इन्जेंट’ आणि ‘कळकळीने विनवणे’ या अर्थाचा ‘ऑब्टेस्टेट’ हे त्यातील शब्द पुढे नाहीसे झाले. परंतु त्याच पत्रात ‘सेलिब्रेट’, ‘एक्स्टोल’ आणि ‘डेक्स्टेरिटी’ हेही शब्द आहेत. विल्सनला ते तितकेच हास्यास्पद वाटत होते. आजचा वाचक ‘इन्जेंट’पाशी हसतो आणि ‘सेलिब्रेट’ हसण्यासाठीच तेथे ठेवला आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. विडंबनाचा एक मोठा भाग असा अदृश्य झाला आहे.

शुद्धिवाद्यांच्या पर्यायांची गतही उद्बोधक आहे. केंब्रिजमधील ग्रीकचा प्राध्यापक जॉन चीक याने १५५७ मध्ये टॉमस होबीला लिहिलेल्या पत्रात परभाषेतील उसनवारी टाळण्याचा आग्रह धरला. मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचा अनुवाद करताना त्याने ‘सेंच्युरिअन’ऐवजी ‘हंड्रेडर’, ‘लुनॅटिक’ऐवजी ‘मून्ड’ आणि ‘रेझरेक्शन’ऐवजी ‘गेनरायझिंग’ असे देशी घडणीचे शब्द वापरले. हा अनुवाद १८४३ पर्यंत अप्रकाशित राहिला. आज हेच देशी शब्द परके वाटतात आणि त्याने टाळलेले उसने शब्द घरचे झाले आहेत. शब्दाचे कुळ पाहून त्याचे भवितव्य वर्तवता येत नाही, असाच याचा अर्थ होतो.

हे जॉर्ज पेटी याने ओळखले होते. ग्वाझोच्या इटालियन ग्रंथाच्या अनुवादाला (१५८१) जोडलेल्या प्रस्तावनेत, असे सगळेच शब्द दौतीतले ठरवले तर शाईने तोंड काळे केल्याशिवाय बोलणेच अशक्य होईल, अशा आशयाचे उत्तर त्याने टीकाकारांना दिले. पुढे १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्रीने सुमारे २,५०० कठीण शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत विल्सनचा कठीण शब्दांविरुद्धचा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा उतरला आहे. उपहास आणि स्वीकार एकाच पुस्तकात शेजारी बसले, कारण शब्द आता प्रचारात होते आणि ते समजून घेणे वाचकाला भाग होते.

बेन जॉन्सनच्या ‘पोएटॅस्टर’ (१६०१) या नाटकात हीच परीक्षा पुन्हा होते. मार्स्टनवर बेतलेले क्रिस्पिनस हे पात्र औषध घेऊन आपले अवघड शब्द रंगमंचावर ओकून टाकते. त्या ओकारीत ‘फ्युरिबंड’ व ‘ऑब्स्टुपिफॅक्ट’ यांच्या बरोबरीने ‘स्ट्रेन्युअस’, ‘कॉन्शस’ आणि ‘क्लम्झी’ हेही आहेत. एका समर्थ नाटककाराच्या कानालाही टिकणारे आणि न टिकणारे शब्द वेगळे करता आले नाहीत.

ऑक्सफर्ड इंग्रजी कोश (१८८४–१९२८) शब्दांचे प्रथम आढळ नोंदवतो, त्यामुळे शब्दाचे त्या काळचे वय कळते. पण त्यामागचे हसू संहितेच्या संदर्भातूनच शोधावे लागते. म्हणून जुन्या संहितेच्या समीक्षेत अपरिचित शब्दाइतकाच, किंबहुना अधिक, संशय परिचित शब्दाविषयी बाळगणे आवश्यक ठरते.