माप ज्याच्या हाती, धक्का त्याच्या हाती

1822 सालचा जानेवारी. वरणगावच्या उत्तरेला, तापीच्या अंगाला एका शेतात चार मेढींवर बांधलेल्या माळ्यावर तुम्ही बसला आहात. खाली दादर ज्वारी डोक्याइतकी उंच झालीय, कणसं भरत आलीत. रात्र चढली की घळींमधून रानडुकरं वर येतात आणि खातात त्याच्या चौपट तुडवतात. पेशवाई बुडून चार वर्षं झालीत. अंमल कंपनी सरकारचा आहे, पण लुटालुटीत आणि दुष्काळात उठलेली गावं अजून पुरती बसलेली नाहीत. पडीक शेतांतून झुडपी रान थेट बांधाला भिडलंय.

शेजारी बसलेला म्हातारा शिकारी तोड्याची बंदूक तुमच्या मांडीवर ठेवतो. तुम्ही ती उचलता आणि तिचं तोंड लगेच खाली झुकतं. नळी लांब, जाड, सगळं वजन पुढे.

"हाई बंदूक शे भाऊ, काठी नही," तो म्हणतो.

हे वजन तुम्हाला आत्ता जाच वाटतंय. थोड्या वेळानं तेच उपकार वाटेल. गोळी पुढे निघते तेव्हा बंदूक मागे येते. बंदूक जितकी जड, तितकी ती सावकाश मागे येते. म्हातारा हे अशा शब्दांत सांगणार नाही. हलकी बंदूक दाखवली तर तो नुसती मान हलवेल.

आता भरायचं काम. तो बांबूच्या पेराचं माप काढतो, शिंगातली दारू त्यात ओततो आणि वरची रास बोटानं सपाट करतो. सोरा, कोळसा, गंधक: चारपैकी तीन हिश्श्यांहून थोडा कमी किंवा जास्त सोराच. चिमूटभर आणखी टाकावी म्हणून तुम्ही शिंगाकडे हात नेता, तर तो हातावर चापट मारतो. जास्त दारूनं गोळी त्या प्रमाणात जोरात जात नाही. नळीत पुरती न जळलेली दारू तोंडातून बाहेर पडते, जाळ मोठा दिसतो, धूर दाटतो. पण नळीतून जे जे पुढे फेकलं जातं, मग ती गोळी असो, वायू असो की न जळलेले कण, त्या सगळ्याची भरपाई तुमच्या खांद्यातून होते. जास्तीच्या दारूचा फायदा रानडुकराला, तोटा तुम्हाला.

मग चिंधीचा बोळा, मग शिशाची गोळी. तुम्ही गज घालून दाबता. गोळी बसली असं वाटतं, पण म्हातारा गजावरच्या खुणेकडे बोट दाखवतो. खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी, ती अजून दोन बोटं वर आहे. गोळी आणि दारूमध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. उलट, भरलेली बंदूक विसरून कुणी पुन्हा भरली, तर हीच खूण ते उघडं पाडते. तुम्ही पुन्हा दाबता. खूण जागेवर येते.

बंदुकीचा धक्का म्हणजे चाप दाबल्यावर घडणारी गोष्ट, असं तुम्ही आजवर समजत होतात. इथे, अंधारात, तुमच्या ध्यानात येतं की धक्का तुम्ही आधीच भरून ठेवलाय. मापानं, बोळ्यानं, गजानं. आता फक्त तो घ्यायचा उरलाय.

घ्यायचा कसा, ते म्हातारा हातानंच शिकवतो. दस्ता दंडावर नको, तिथे मांस निळं पडेल. गळ्याच्या हाडावर नको, हाड मोडेल. खांदा आणि छाती यांच्यामध्ये, हात पुढे केला की खोलगट पडतं, तिथे. "खांदाले लाव भाऊ, खांदाले!" घाबरून तुम्ही दस्ता खांद्यापासून सुताएवढा लांब धरलाय, तीच मोठी चूक. मधल्या फटीत बंदुकीला वेग घ्यायला जागा मिळते आणि मग ती खांद्यावर येऊन आदळते. घट्ट लावलेली बंदूक आदळत नाही, ढकलते.

तुम्ही आधारासाठी पाठीमागच्या मेढीला टेकता. तो तुम्हाला पुढे ओढतो. मागे आडकाठी असली की अंगाला हटायला वाव नाही, सगळा मार खांद्यानं खायचा. कंबरेतून जरा पुढे वाकायचं, गाल दस्त्यावर चिकटवायचा, म्हणजे बंदूक, मान आणि खांदा एकदम हलतात. गाल सुटा ठेवला तर दस्ता गालफडात बसतो.

खाली धांडे मोडल्याचा आवाज येतो. तोडा, म्हणजे जळती वात, फुंकून निखारा लाल करता. बंदुकीच्या कानात रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, आहे. चाप ओढताच घोडा तोडा घेऊन खाली येतो, रंजक डोळ्यांसमोर भसकन पेटते, आणि नळीतली दारू पेटायला अजून क्षणाचा अवकाश आहे. सगळी परीक्षा त्या क्षणात. अंग आपोआप आकसतं, पापण्या मिटतात, नळी खाली जाते. गोळी चुकते ती बहुधा धक्क्यानं नव्हे, धक्क्याच्या धास्तीनं. धक्का खांद्याला जाणवेपर्यंत गोळी नळीतून निघून गेलेली असते. तुम्ही डोळे उघडे ठेवता. बार होतो, खांदा मागे सरकतो, कंबर त्याला साथ देते. धूर विरल्यावर कळप नाल्याच्या दिशेनं पळताना ऐकू येतो. डुक्कर पडलं नाही. म्हाताऱ्याला त्याचं काही वाटत नाही, दादर वाचली म्हणजे झालं.

आता सहासात वर्षं पुढे, धरणगाव. 1825 साली जेम्स आउट्रम या लेफ्टनंटनं इथे भिल्ल पलटण उभारायला घेतली. भिल्लांचा विश्वास मिळवायला तो त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला जातो. तुम्ही कवायतीच्या रांगेत उभे आहात. हातात कंपनीची चकमकीची बंदूक, नळीचं तोंड पाऊण इंचाचं, वजन सुमारे साडेचार किलो, गोळी साधारण 32 ग्रॅमची. शेजारचा शिपाई कालपर्यंत तीरकामठा चालवणारा. तीर सुटल्यावरही हात तसाच स्थिर ठेवायची त्याची सवय जुनी, म्हणून बार झाल्यावर त्याची नळी भरकटत नाही. खांद्यावर येणारा धक्का मात्र त्याला नवा, कारण कामठा खांद्याला काही परत करत नाही.

आणि इथे माप नाही. कागदी काडतूस मिळतं, दारू आणि गोळी एकत्र बांधलेली. दातानं फाडायचं, थोडी दारू कानात, बाकी नळीत, वर गोळी कागदासकट ठासायची. गोळी नळीत सैल बसते, कडेनं जोर गळतो, म्हणून दारू हात सैल सोडून भरलेली. म्हाताऱ्यानं एवढी कधीच भरली नसती. बार वाढत जातात तशी नळीत काजळी साचते, गोळी ओढून बसते, धक्का आणखी कडक होतो. किती धक्का खायचा हे आता दूरच्या कोठारात ठरतं. तुम्ही तो फक्त घ्यायचा.

पुढची पावलं भराभर. 1878 च्या शस्त्र कायद्यानं बंदूक परवान्यात अडकते. 1964 साली वरणगावात आयुध निर्माणी उभी राहते. आज ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडखाली चालते आणि 5.56 मिलिमीटरच्या रायफलीची काडतुसं बनवते. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर कडक बंधनं येतात.

वरणगावचं ते काडतूस तळहातावर घेऊन पाहा. पितळी आवरणात दारू मोजून बंद केलेली, तिला कुणाचा हात लागू शकत नाही. गोळी जेमतेम चार ग्रॅमची, धरणगावच्या गोळीच्या आठवा हिस्सा. वेग कितीतरी जास्त, तरी रायफलीचं वजन त्या बंदुकीच्या आसपास असल्यानं धक्का निम्म्याहून कमी. दीडशे वर्षांत माप शिंगातून कागदात आणि कागदातून पितळेत गेलं, तसतसं ते नेमबाजाच्या हातून निसटत गेलं. बदल्यात त्याला दर बाराला तोच, एकसारखा धक्का मिळाला. सौदा वाईट नव्हे.

पण खांद्याचं काम कुठल्याही कारखान्याला काडतुसात भरता आलेलं नाही. सराव करणाऱ्या जवानाला आजही दस्ता त्याच खोलगट जागी लावायला शिकवतात, गाल चिकटवायला लावतात, चाप दाबताना डोळे उघडे ठेवायला सांगतात. धक्का अर्ध्यावर आला, धास्ती मात्र प्रत्येकाला नव्यानंच मोडावी लागते.