वॉरिकचे अर्लपद : स्त्रीमार्गाने आलेला वारसा (इ.स. १०८८ ते १५४७)

मध्ययुगीन इंग्लंडच्या सरंजामी व्यवस्थेत अर्ल हे अत्यंत प्रतिष्ठेचे पद होते. वॉरिकचे अर्लपद हे त्यांपैकी एक. या पदाचा इतिहास बहुधा 'राजे घडविणारा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रिचर्ड नेव्हिलच्या पराक्रमाभोवती लिहिला जातो. तथापि वंशावळ तपासली असता, हे पद एका घराण्याकडून दुसऱ्या घराण्याकडे प्रत्येक वेळी स्त्रीच्या हक्काने गेल्याचे दिसते. प्रस्तुत लेखात या हक्काचे स्वरूप व मर्यादा यांचा विचार केला आहे.

इ.स. १०८८ च्या सुमारास राजा दुसरा विल्यम याने हे पद हेन्री द ब्यूमाँ यास दिले. १२४२ मध्ये या घराण्यातील अर्ल थॉमस निपुत्रिक वारला आणि वारसा त्याची बहीण मार्जरी हिच्याकडे आला. तिचा पती जॉन द्यू प्लेसी पत्नीच्या हक्काने अर्ल म्हणवू लागला. मार्जरी निःसंतान असल्याने, पतीच्या मृत्यूनंतर १२६३ मध्ये पद तिचा आतेभाऊ विल्यम मॉडिट याच्याकडे आणि १२६८ मध्ये मॉडिटच्या बहिणीचा पुत्र विल्यम बीचम याच्याकडे गेले.

बीचम घराण्याने हे पद पावणेदोनशेहून अधिक वर्षे भूषविले. हेन्री बीचम १४४६ मध्ये व त्याची बालकन्या १४४९ मध्ये मरण पावली. हेन्रीच्या तीन सावत्र बहिणींनी वारशावर हक्क सांगितला. परंतु सख्खी बहीण ॲन हिचा दावा ग्राह्य ठरला. तिचा पती रिचर्ड नेव्हिल याच नात्याने वॉरिकचा अर्ल झाला.

१४७१ मध्ये बार्नेटच्या लढाईत नेव्हिल मारला गेला. ॲनची वडिलोपार्जित मालमत्ता तिची स्वतःची होती. तरीही राजा चौथा एडवर्ड याचे बंधू क्लॅरेन्स व ग्लॉस्टर हे ॲनचे जावई असल्याने, १४७४ च्या संसदीय कायद्याने ती जिवंत असतानाच मृत समजून तिची मालमत्ता दोन्ही कन्यांमध्ये वाटण्यात आली. १४८७ मध्ये सातव्या हेन्रीने तिचे हक्क परत दिले. पण त्याच वर्षी जवळजवळ सर्व मालमत्ता तिच्याकडून राजाच्या नावे करून घेण्यात आली. १४९२ मध्ये ॲन निवर्तली. तिचा नातू अर्ल एडवर्ड याचा १४९९ मध्ये शिरच्छेद झाला.

१५४७ मध्ये हे पद नव्याने जॉन डडली यास मिळाले. तो १४४९ मध्ये डावलल्या गेलेल्या सावत्र बहिणींपैकी मार्गारेट हिचा वंशज होता, आणि तोही मातेच्या बाजूने.

सारांश, स्त्रीचा वारसाहक्क कायद्याने मान्य होता. परंतु पती, जावई वा राजा यांच्या हिताशी तो जुळे तोवरच. ज्या हक्कावर हे अर्लपद टिकले, त्याचा उपभोग मात्र हक्कधारक स्त्रीला क्वचितच लाभला.