डासाच्या चित्रामागची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात एक ताई तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. खुर्चीत बसता बसता त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यावर भिंतीवर चिरडलेल्या डासाचा फोटो होता. "डॉक्टर, हा डेंग्यूचा आहे की मलेरियाचा?" फोटोत एक काळा डाग, दोन पाय आणि थोडं रक्त, एवढंच दिसत होतं. मी म्हटलं, "ताई, यावरून मलाच काय, कोणालाच सांगता येणार नाही. आधी मुलाचं रक्त तपासू."

त्या गेल्यावर वेटिंग रूममधल्या पोस्टरकडे माझं लक्ष गेलं. त्यावर तीन डास शेजारी शेजारी काढलेले आहेत. तुम्हीही असं चित्र शाळेच्या पुस्तकात किंवा महापालिकेच्या पत्रकावर पाहिलं असेल. ते चित्र तयार व्हायला किती वर्षं लागली आणि त्याच्या अभावी किती वेळ वाया गेला, ते आज सांगतो.

चित्र होतं, पण ओळख नव्हती

१६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हूक यांचं 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक आलं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या गोष्टींची मोठमोठी चित्रं त्यात होती. पिसवेचं चित्र तर घडी उलगडून पाहावं लागे, इतकं मोठं होतं. पाण्यात वळवळणारी अळी आणि तिच्यातून बाहेर पडणारा कीटक हेही हूक यांनी काढले होते. पण हा कीटक आजार पसरवतो, असं तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं. त्यामुळे डास कोणत्या जातीचा, हा प्रश्न रोगापुरता कोणी विचारला नाही.

तो प्रश्न सव्वादोनशे वर्षांनी भारतात अडला. लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस १८९५ पासून सिकंदराबादला मलेरियाच्या रुग्णांना डास चावू देत, मग ते डास फाडून त्यांच्या पोटात मलेरियाचे जंतू शोधत. जंतू काही सापडत नव्हते. कारण साधं होतं. ते तपासत असलेले बहुतेक डास मलेरिया पसरवणाऱ्या जातीचे नव्हतेच. पण हे त्यांना कळणार कसं? भारतातल्या डासांची ओळख पटवून देणारं सचित्र पुस्तकच तेव्हा नव्हतं. रॉस आपल्या सोयीने नावं देत होते : राखाडी डास, पट्ट्यापट्ट्यांचा डास आणि नंतर सापडलेला ठिपकेदार पंखांचा डास.

हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावलेल्या याच ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठराच्या भिंतीत २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉस यांना काळ्या कणांच्या गोल पेशी दिसल्या. तोच मलेरियाचा जंतू होता. हा दिवस आज 'जागतिक डास दिन' म्हणून पाळला जातो, आणि १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण ज्या ठिपक्यांवरून हा डास वेगळा ओळखू येतो, त्यांचं चित्र आधी हाताशी असतं, तर ही वाट नक्कीच जवळची झाली असती.

आपल्या अचलपूरचा डास

यानंतर जगभर डास गोळा करण्याची मोहीमच निघाली. ब्रिटिश वसाहतींमधून डास लंडनच्या संग्रहालयात पोहोचू लागले. फ्रेडरिक थिओबाल्ड यांनी त्यांचं वर्णन करणारा अनेक खंडांचा ग्रंथ १९०१ पासून प्रसिद्ध केला.

त्याच वर्षी आपल्याकडे, वऱ्हाडातल्या एलिचपूरला म्हणजे आजच्या अचलपूरला, ग्लेन लिस्टन या डॉक्टरांनी वर्षभर डासांच्या सवयींचा अभ्यास करून एका नव्या जातीचं वर्णन केलं. तिचं नाव ॲनॉफेलिस स्टीफेन्साय. पुढे १९०४ साली लिस्टन आणि सिडनी प्राइस जेम्स यांनी भारतातल्या ॲनॉफेलिस डासांवर ग्रंथ लिहिला. गावोगावच्या डॉक्टरला समोरचा डास पुस्तकाशी ताडून पाहता येऊ लागला.

जाळीच्या झोपडीतला चित्रकार

१९०० साली रोमजवळच्या दलदलीच्या भागात एक धाडसी प्रयोग झाला. तिथे मलेरियाने माणसं हैराण होत. सॅम्बन आणि लो हे दोन डॉक्टर तिथे जाळ्या लावलेल्या झोपडीत जुलै ते ऑक्टोबर राहिले. दिवसा ते सगळीकडे फिरत, पण सूर्यास्ताच्या आधी आत येत आणि उजाडेपर्यंत आतच राहत. क्विनीन घ्यायचं नाही, असं ठरलेलं होतं. दलदलीची हवा तीच, पाणी तेच, फक्त डासांचा चावा टाळलेला. मलेरिया कोणालाही झाला नाही.

त्या झोपडीत त्यांच्यासोबत अमेडिओ तेर्झी हा चित्रकारही होता. पालेर्मोला जन्मलेला हा माणूस डासांची चित्रं काढायला आला आणि स्वतःच प्रयोगाचा भाग झाला. पुढे अनेक दशकं त्याने लंडनच्या संग्रहालयासाठी डास आणि माश्यांची चित्रं काढली. त्याचं नाव डॉक्टरांनाही फारसं माहीत नसतं.

फोटो का नाही चालत?

तुम्ही म्हणाल, आता कॅमेरे आहेत, मग हाताने काढलेलं चित्र कशाला? फोटोत येतो तो एकच डास, जसा असेल तसा. त्याच्या पंखावरचे खवले हात लागताच झडतात, एखादा पाय तुटलेला असतो. खूप जवळून फोटो काढला की एक भाग स्पष्ट येतो आणि बाकीचा धूसर होतो. चित्रकार एकाच जातीचे अनेक डास बघतो. एकाचा पंख चांगला, दुसऱ्याचे पाय चांगले, असं पाहून तो त्या जातीचा पूर्ण डास कागदावर उभा करतो. ओळखीची खूण ठळक करतो, अपघाताने आलेला डाग वगळतो. मात्र मनाचा एक ठिपकाही घालायची त्याला मुभा नसते. चुकीचा ठिपका म्हणजे चुकीची जात, आणि चुकीची जात म्हणजे चुकीच्या जागी फवारणी.

पोस्टरची मर्यादा

पोस्टरवर ॲनॉफेलिस डास पाठ तिरकी करून, डोकं खाली घालून बसलेला दाखवतात. साधारणपणे ते खरं आहे. पण आपल्या खेड्यांमधल्या मलेरियाचा मोठा वाटा ज्या डासाकडे जातो, तो ॲनॉफेलिस क्युलिसिफेसीस बऱ्याचदा क्युलेक्ससारखा आडवा बसतो. त्याच्या नावाचा अर्थच 'क्युलेक्ससारखा दिसणारा' असा आहे. म्हणून तज्ज्ञ नुसत्या बसण्यावर जात नाहीत. पंखांवरचे ठिपके आणि सोंडेशेजारचे स्पर्शकही बघतात.

जात ओळखली की काय फरक पडतो, ते मुंबईत दिसलं. तिथल्या मलेरियाच्या कारणांवर बेंटली यांचा अहवाल १९११ साली आला. दोषी ठरला तो अचलपूरला नाव मिळालेला स्टीफेन्सायच. तो घाण गटारांत नव्हे, विहिरी आणि टाक्यांच्या स्वच्छ पाण्यात वाढत होता. गटारं कितीही साफ केली असती, तरी तो तसाच राहिला असता. हाच डास २०१२ साली आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला आणि तिथे आता शहरांतल्या मलेरियाची चिंता वाढली आहे.

तुम्ही काय करायचं?

काळ्या पायांवर पांढरे पट्टे असलेला आणि दिवसा चावणारा डास दिसला, तर तो बहुधा एडिस, म्हणजे डेंग्यूचा. कूलर, कुंडीखालची ताटली, गच्चीतला टायर तपासा. भांडी नुसती रिकामी करू नका, घासा. त्याची अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. टाकीचं झाकण घट्ट बसवा, कारण स्टीफेन्साय तिथेच वाढतो. आणि रात्री मच्छरदाणी लावा.

पण एक लक्षात ठेवा. डास ओळखून घराची काळजी घेता येते, तापाचं निदान होत नाही. चावलेला डास कोणता होता हे पाहून मलेरिया किंवा डेंग्यू ठरत नाही. तो रक्ताच्या तपासणीत कळतो. त्या ताईंच्या मुलाच्या रक्तात मलेरिया निघाला. वेळेवर औषध मिळालं आणि आठवड्याभरात तो शाळेत गेला. घरी जाताना ताई पोस्टरपुढे थांबल्या आणि त्याला म्हणाल्या, "बघ, पंखावर ठिपके आहेत." मग वळून मला म्हणाल्या, "गच्चीवरच्या टाकीचं झाकण तुटलंय हो. आजच बदलते."