मेद घटवताना येणारा थकवा : कारणे आणि उपाय

शरीरातील मेद कमी करण्यासाठी आहार घटवून व्यायाम वाढवला, की काही आठवड्यांत अनेकांना थकवा जाणवू लागतो. हा आळस नव्हे. अपुऱ्या इंधनात काम चालवण्यासाठी शरीराने आरंभलेली ती काटकसर असते.

कारणे : यकृत व स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपाने सुमारे ५०० ग्रॅम कर्बोदके साठवलेली असतात. आहार घटताच हा साठा आटतो आणि एरवी सहज जमणारा व्यायाम जड वाटू लागतो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरणारे वजन बरेचसे या पाण्याचेच असते. पुढे लेप्टिनसारख्या संप्रेरकांचे प्रमाण घटते, भूक वाढते आणि हालचाल नकळत मंदावते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. त्याबरोबरच थकवा, चिडचिड व औदासीन्यही आले.

उपाय : एक किलो मेदात सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरींची तूट ठेवल्यास आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन घटते; आरंभी एवढी गती पुरेशी मानावी. निरोगी व्यक्तीने प्रतिकिलो वजनामागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. उसळ, अंडी, दही, बांगडा ही त्यांची सुलभ साधने होत. भात-भाकरी वर्ज्य न करता तिचा काही वाटा व्यायामाच्या आगेमागे ठेवावा. गोव्याच्या दमट हवेत घामावाटे पाण्यासोबत मीठही जाते. अशा वेळी मीठ घातलेली पेज उपयोगी पडते. वजन उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करावा व मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवावेत. झोप सात तासांहून कमी नसावी. अपुऱ्या झोपेत मेदाऐवजी स्नायूंची झीज अधिक होते. थकवा साचू लागल्यास व्यायाम वाढवू नये. एक-दोन आठवडे वजन स्थिर राहील इतका आहार घ्यावा.

वैद्यकीय सल्ला : विश्रांतीनंतरही थकवा न हटल्यास, चक्कर वा धाप लागल्यास किंवा मासिक पाळी चुकू लागल्यास डॉक्टरांना दाखवावे. रक्तक्षय व थायरॉइडचे विकार यांचेही पहिले लक्षण अनेकदा थकवाच असते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आहार घटवण्यापूर्वीच सल्ला घ्यावा; अन्यथा रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.