लिनक्स पॅकेजचे अद्ययावतीकरण आणि सर्व्हरवरील स्थानिक मांडणीचे जतन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला. त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात असलेल्या जालना, अंबड व भोकरदन या तालुक्यांचे राज्य बदलले. परंतु कुळांचे हक्क ठरविणारा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० तेथे पुढेही लागू राहिला. नवी व्यवस्था आली म्हणून स्थानिक कायदे आपोआप रद्द होऊ नयेत, अशी तरतूद पुनर्रचना कायद्यातच होती. पुढे १९९० च्या दशकात लिनक्स सर्व्हरच्या संदर्भात जवळपास हाच प्रश्न निर्माण झाला : पॅकेजची नवी आवृत्ती बसविताना व्यवस्थापकाने स्वतः बदललेल्या कॉन्फिगरेशन फाइलचे काय करावे?

इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. त्याचे डीपीकेजी हे साधन १९९४ मध्ये इयान जॅक्सन यांनी मोठ्या प्रमाणावर सी भाषेत नव्याने लिहिले. डीपीकेजी तीन गोष्टींची तुलना करते : जुन्या पॅकेजसोबत आलेली मूळ फाइल, नव्या पॅकेजमधील फाइल आणि सर्व्हरवर प्रत्यक्ष असलेली फाइल. मूळ फाइल साठविली जात नाही. तिची केवळ एमडी५ बेरीज नोंदलेली असते. व्यवस्थापकाने काहीच बदल केला नसेल तर नवी फाइल मुकाट्याने बसते. बदल फक्त त्यानेच केला असेल तर त्याची फाइल राहते. दोन्ही बाजूंनी बदल झाला असेल तरच प्रश्न विचारला जातो आणि नुसते एंटर दाबल्यास स्थानिक फाइल कायम राहते. नाकारलेली नवी प्रत 'डीपीकेजी-डिस्ट' या शेपटासह बाजूला ठेवली जाते.

रेड हॅटच्या आरपीएमने १९९५ मध्ये वेगळा मार्ग धरला. ते प्रश्न विचारतच नाही. निर्णय पॅकेज बांधणारा आधीच घेऊन ठेवतो. त्याने 'नोरिप्लेस' असे नोंदविले असल्यास स्थानिक फाइल टिकते व नवी 'आरपीएमन्यू' या शेपटासह येते. अन्यथा नवी फाइल बसते आणि जुनी 'आरपीएमसेव्ह' म्हणून उरते. रात्री आपोआप चालणाऱ्या अद्ययावतीकरणास ही पद्धत सोयीची खरी, पण सकाळी सेवा का बंद पडली याचा शोध व्यवस्थापकालाच घ्यावा लागतो.

जालन्यासारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयात ग्रंथालयाची कोहा प्रणाली डेबियनवर चालत असेल, तर डेटाबेसचा परवलीचा शब्द व संकेतस्थळाची मांडणी ईटीसी निर्देशिकेतील काही फाइलींत असते. त्या पुसल्या गेल्यास पुस्तकांच्या नोंदी सुरक्षित राहूनही देवघेव थांबते. अनेक ठिकाणी हे काम पूर्णवेळ तंत्रज्ञाऐवजी एखादा प्राध्यापक तासिका सांभाळून करतो. केलेला बदल त्याच्या स्मरणातच राहतो आणि बदलीनंतर तोही नाहीसा होतो. जोई हेस यांचे २००७ मधील ईटीसीकीपर हे साधन या दृष्टीने अधिक उपयुक्त मानावे लागेल. अद्ययावतीकरणापूर्वी व नंतर ते संपूर्ण ईटीसी निर्देशिकेची आवृत्ती नोंदवून ठेवते.

जुनी फाइल टिकविणे नेहमीच हिताचे असते असे मात्र नाही. नव्या आवृत्तीने एखादी असुरक्षित सोय मुळातच बंद केलेली असेल, तर जतन केलेली जुनी फाइल ती चालूच ठेवते, आणि बाजूला पडलेली 'आरपीएमन्यू' फाइल कोणी उघडलेली नसते. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये प्रसृत केलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणालीही डेबियनवरच आधारलेली असल्याने तिच्या वापरकर्त्यासमोर डीपीकेजीचा तोच प्रश्न येतो, आणि तेथेही एंटर दाबण्यापूर्वी दोन्ही फाइलींतील फरक पाहण्याचा पर्याय दिलेला असतो.